दोन पहाटा, एकच आकडा

11 डिसेंबर 1967. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटे झाली होती, तेव्हा कोयनानगर हादरले. धरणाच्या कामासाठी उभी राहिलेली ती वसाहत बहुतांश भुईसपाट झाली. पोफळीच्या वीजघरातून मुंबईकडे जाणारी वीज तुटली आणि महानगरातले कारखाने थंडावले. सुमारे 180 माणसे दगावली, दीड हजाराहून अधिक जखमी झाली.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावे उशिरा झोपलेली. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला उमरगा तालुका यांच्या शिवेवरची 52 गावे मातीमोल झाली. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवसापर्यंत बाहेरच्या महाराष्ट्राला ठाऊकही नव्हती. मृतांचा सरकारी आकडा 7,928. इतर काही नोंदींत तो साडेनऊ हजारांच्या पुढे जातो.

आजच्या हिशेबाने कोयनेच्या भूकंपाचे परिमाण 6.3 आणि किल्लारीच्या भूकंपाचे 6.2. दोन्ही धक्के साखरझोपेत आलेले, दोन्ही दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात, दोन्हींचा उगम जमिनीखाली फारसा खोल नाही. भूकंपाचा आकडा जवळपास तोच. मृतांचे आकडे मात्र एकीकडे शेकड्यांत, तर दुसरीकडे हजारांत. हे कसे, ते समजून घ्यायचे तर भूकंपाचा आकडा येतो कुठून आणि तो मोजतो काय, तिथून सुरुवात करावी लागते.

पडझडीची वही

यंत्रे येण्यापूर्वी भूकंप मोजायला एकच साधन होते: काय पडले आणि काय उभे राहिले, याची नोंद. 16 जून 1819 रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार ढासळले. कच्छच्या रणात सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला आणि त्याच्या उत्तरेला सुमारे 80-90 किलोमीटर लांबीचा जमिनीचा बांध वर उचलला गेला. माणसाच्या हाताने न बांधलेला म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ म्हटले. कच्छमधला कंपनी सरकारचा रेसिडेंट कॅप्टन जेम्स मॅकमर्डो याने या भूकंपाचा वृत्तान्त पाठवला, तो मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. भूकंपात जमीन सरकते आणि सरकलेलीच राहते, हे युरोपातल्या भूशास्त्रज्ञांना दाखवणारा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

भारतातल्या भूकंपांची पहिली व्यवस्थित यादी केली ती भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे थॉमस ओल्डहॅम यांनी. त्यांचे चिरंजीव रिचर्ड ओल्डहॅम याच खात्यात होते. 12 जून 1897 रोजी सायंकाळी शिलाँगचे पठार हादरले आणि तिथल्या दगडी इमारती सपाट झाल्या. रिचर्ड ओल्डहॅम यांनी प्रदेश पिंजून काढला. काही ठिकाणी मोठमोठे दगड आपल्या खळग्यांतून, कडा न मोडता, वर फेकले गेल्याचे त्यांना आढळले. गुरुत्वाकर्षणावर मात करील इतक्या जोराने जमीन उसळली, हा निष्कर्ष त्यांनी कुठल्याही यंत्राशिवाय काढला. त्याच भूकंपानंतर आसामात दगडी घरांऐवजी लाकडी सांगाडा, इकऱ्याच्या कुडाच्या लिंपलेल्या भिंती आणि वर पत्रा, अशी हलकी घरे बांधायची रीत रुळली. ‘आसाम पद्धतीचे घर’ म्हणून ते आजही ओळखले जाते.

पडझडीच्या अशा नोंदींनाच पुढे पायऱ्यांचे रूप आले. इटलीतले पाद्री आणि ज्वालामुखीतज्ज्ञ जुझेप्पे मेर्काल्ली यांच्या नावाची बारा पायऱ्यांची मोजपट्टी आजही वापरात आहे. पहिल्या पायरीवर धक्का कुणाला जाणवतही नाही. पाचवीला झोपलेली माणसे जागी होतात. आठवीला कच्ची बांधकामे कोसळतात. बारावीला काहीच उभे राहत नाही. भूकंपशास्त्रात तीव्रता म्हणतात ती हीच. ती गावागणिक बदलते. एकाच भूकंपाची तीव्रता किल्लारीत एक, सोलापुरात दुसरी आणि मुंबईत तिसरी असते.

यंत्राची रेघ

आसामच्या भूकंपानंतर ब्रिटिश सरकारने यंत्रे मागवली. इंग्रज अभियंते जॉन मिल्न यांनी जपानमधल्या वास्तव्यात विकसित केलेले भूकंपलेखक 1898-99 च्या सुमारास कलकत्त्यात अलिपूर, मुंबईत कुलाबा आणि दक्षिणेत कोडाईकनाल येथे बसवण्यात आले. कुलाबा वेधशाळेची धुरा तेव्हा नानाभाई फ्रामजी मूस यांच्याकडे होती. त्या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. चौकट जमिनीला घट्ट बसवलेली, आतले वजन मात्र लोंबकळते ठेवलेले. जमीन हलली की चौकट हलते, वजन जडत्वामुळे मागे राहते आणि दोहोंतला फरक कागदावर रेघ होऊन उमटतो. या रेघांमध्ये आधी प्राथमिक लहरी, मग दुय्यम लहरी आणि शेवटी पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी, असे तीन वेगळे गट आहेत, हे रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1900 मध्ये दाखवून दिले. वीज दिसल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून ती किती लांब पडली ते आपण ताडतो. पहिल्या दोन लहरींतल्या वेळेच्या अंतरावरून भूकंप किती लांब झाला ते तसेच काढतात. दहा सेकंदांचे अंतर असेल, तर भूकंप साधारण 80 किलोमीटरवर झालेला असतो. तीन ठिकाणच्या नोंदी हाती आल्या, की नकाशावर जागा सापडते.

जागा कळली, पण भूकंप मोठा की लहान, हे ठरेना. त्याचे उत्तर 1935 मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी दिले. एका विशिष्ट यंत्रावर, 100 किलोमीटर अंतरावरून एक मिलिमीटर उंचीची रेघ उमटली, तर त्या भूकंपाचे परिमाण 3 मानायचे, असे त्यांनी ठरवले. अगदी बारीक कंपनांपासून प्रलयंकारी धक्क्यांपर्यंत सारे एकाच पट्टीत बसवायचे, म्हणून सहकारी बेनो गुटेनबर्ग यांच्या सूचनेवरून त्यांनी लॉगॅरिदमचा आधार घेतला. त्यामुळे आकडा एकाने वाढला, की रेघ दसपट उंच होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट वाढते. 2001 चा भुजचा भूकंप 7.7 चा होता. किल्लारीहून तो दीड अंकाने मोठा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात जवळपास पावणेदोनशे पट.

रिश्टर यांची पट्टी दक्षिण कॅलिफोर्नियासाठी, तिथल्याच यंत्रांवर बेतलेली होती. पुढे जगभरासाठी इतर लहरींवर आधारलेल्या पट्ट्या निघाल्या, पण फार मोठ्या भूकंपांपुढे त्याही तोकड्या पडू लागल्या. शेकडो किलोमीटर लांबीचा भ्रंश, म्हणजे खडकातली भेग, फाटतो, तेव्हा ऊर्जेचा मोठा भाग अतिशय संथ लहरींतून बाहेर पडतो आणि जुन्या पट्ट्यांना तो दिसतच नाही. भूकंपाच्या उगमाशी नेमके काय घडले ते मोजायची वाट 1966 मध्ये केइइती आकी यांनी दाखवली: भ्रंशाचा किती भाग फाटला, तो किती सरकला आणि तिथला खडक किती ताठ होता, यांचा गुणाकार. याच पायावर 1970 च्या दशकाच्या अखेरीस हिरो कानामोरी आणि टॉमस हँक्स यांनी आजची परिमाणाची पट्टी रचली. त्या मापाने 1960 चा चिलीचा भूकंप 9.5 ठरला, यंत्रांनी नोंदवलेला तो सर्वांत मोठा भूकंप. आज आपल्या बातम्यांत ‘रिश्टर स्केल’ म्हणून जो आकडा येतो, तो मोठ्या भूकंपांच्या बाबतीत बहुधा याच नव्या पट्टीचा असतो.

कोयनेचे परिमाण जुन्या अहवालांत 6.3 पासून 7 पर्यंत वेगवेगळे का सापडते आणि किल्लारीच्या वेळी वर्तमानपत्रांत 6.4 का छापून आले, याचे उत्तरही या वेगवेगळ्या पट्ट्यांत आहे. आकडा घाईत काढला की काय होते, हे मात्र जगाने फार मोठी किंमत मोजून पाहिले. 26 डिसेंबर 2004 च्या सुमात्राच्या भूकंपाचे पॅसिफिकच्या त्सुनामी केंद्राने काढलेले पहिले परिमाण 8.0 होते. प्रत्यक्षात समुद्रतळाखाली सुमारे 1,200 किलोमीटर लांबीचा भ्रंश फाटला होता आणि परिमाण 9.1 होते. हिंदी महासागरात तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गेली. मार्च 2011 मध्ये जपानकडे जगातली सर्वोत्तम यंत्रणा होती. तिनेही पहिला आकडा 7.9 काढला आणि त्यावरून मियागीच्या किनाऱ्याला 6 मीटर उंचीच्या लाटेचा इशारा दिला. भूकंप 9.0 चा निघाला आणि लाटा त्या अंदाजाच्या कितीतरी वर गेल्या.

धरणाच्या पोटातली नोंद

कोयनेत यंत्रे आधीपासून होती. त्याचे कारण धरणामागचा शिवसागर जलाशय. 1962 च्या सुमारास जलाशयात पाणी साठू लागले आणि परिसराला बारीक धक्के बसू लागले. दख्खनचे पठार म्हणजे अढळ भूमी, अशी तोवर समजूत होती. धक्के थांबेनात, तेव्हा धरणाभोवती भूकंपमापन केंद्रे उभी राहिली आणि खुद्द धरणाच्या गॅलरीत जोरदार हादरे नोंदवणारे त्वरणमापक बसवले गेले.

डिसेंबरच्या त्या पहाटे या त्वरणमापकाने जे टिपले, ते धरण अभियंत्यांच्या जगात आजही अभ्यासले जाते. जमिनीचे त्वरण धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या 63 टक्के होते, नदीच्या दिशेने 49 टक्के आणि उभ्या दिशेने 34 टक्के. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरले होते अवघे 5 टक्के. हिशेबाच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे दोन आकडे सरळसरळ शेजारी मांडता येत नाहीत, तरी दरी केवढी होती ते कळायला पुरेसे आहेत. 103 मीटर उंचीचे धरण उभे राहिले. मात्र वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार एकदम बदलतो, तिथे दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. पुढे खालच्या अंगाने काँक्रीटचा आधार चढवून धरण बळकट केले गेले. बर्कलीचे प्राध्यापक अनिल चोप्रा यांनी कोयनेच्या या नोंदीवर केलेला अभ्यास गाजला. धरणाच्या भूकंपविषयक गणिताची नवी पद्धत पारखायची तर जगभरचे अभियंते आजही कोयनेच्या भेगा त्या गणितातून निघतात का, ते पाहतात.

धरणामुळे भूकंप झाला का, हा प्रश्न लगेच उभा राहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा अनेक दशके केला. त्यातून उभे राहणारे चित्र असे: खडकातला ताण धरणाने निर्माण केलेला नाही, तो आधीचाच आहे. जलाशयाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, तिथला दाब वाढतो आणि तुटायला टेकलेला भ्रंश निसटतो. पावसाळ्यात जलाशय भरतो, त्यानंतरच्या महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते, असे इथे वर्षानुवर्षे दिसले आहे. 1980 च्या दशकात शेजारी वारणेचा जलाशय भरू लागल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. 5 किंवा त्याहून मोठ्या परिमाणाचे वीसहून अधिक भूकंप या लहानशा टापूत झाले आहेत. जलाशयामुळे चालना मिळालेला जगातला सर्वांत मोठा भूकंप म्हणून 1967 चा कोयनेचाच भूकंप सर्वसाधारणपणे मानला जातो. म्हणून केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला खास प्रयोगशाळा उभारली आणि कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडले. काळ्या पाषाणाचे थर संपून ते खालच्या प्राचीन ग्रॅनाइटमध्ये गेले. भूकंप जिथे जन्मतात त्या खडकाच्या जवळ जाऊन मोजायचे, हा त्यामागचा उद्देश.

जिथे यंत्र नव्हते

किल्लारीच्या आसपास असे एकही त्वरणमापक नव्हते. असायचे कारणच कुणाला वाटले नव्हते. देशाच्या 1984 च्या भूकंपमानकात हा भाग सर्वांत सुरक्षित अशा विभाग 1 मध्ये होता. 1992 मध्ये ऑगस्टपासून गावकऱ्यांना जमिनीखालून गूढ आवाज येत होते, धक्के बसत होते. ऑक्टोबरात 4 च्या आसपास परिमाणाचा एक धक्काही बसला. मग सारे शांत झाले. वर्षभराने मोठा भूकंप आला. भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेला सरकत हिमालयाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण खंडाच्या पोटातही साठतो आणि हजारो वर्षांतून एखाद्या ठिकाणी मोकळा होतो. अशा धक्क्याचे ठिकाण आधी सांगायची विद्या आजही कुणाकडे नाही. 2018 च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीला हजारो लहान धक्के बसले. लोक थंडीत घराबाहेर तंबूंत झोपले. तिथे मोठा भूकंप आला नाही. खूण तीच, परिणाम वेगळा.

यंत्र नसल्याने किल्लारीची जमीन किती जोराने हलली, हे पुन्हा 1897 च्या रीतीनेच, पडलेल्या भिंतींवरून काढावे लागले. सर्वाधिक तीव्रता आठ ते नवाच्या पायरीवर ठरली आणि तो पट्टा फारच लहान निघाला. या पाहणीत खरे गुन्हेगार सापडले: भिंत आणि माळवद.

मराठवाड्यातले जुने घर खणांत मोजतात. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचे माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहते. दरवर्षी गळती थांबवायला वर मातीचा नवा थर पडतो आणि पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाढत जाते. भोवतीच्या भिंती दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड. पाहणाऱ्याला किल्ल्यासारखे भक्कम वाटावे असे ते बांधकाम आतून पोकळ होते. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा. मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच. जमीन हलली तशी ही दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटली आणि खोलीत कोसळली. त्यावर माती. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि माणसे भिंतींच्या ढिगाखाली गुदमरली. ज्यांना दगडाचे घर परवडले नव्हते, अशा कुडाच्या, पत्र्याच्या खोपटांतली अनेक माणसे वाचली.

कोयनेचे खोरे डोंगराळ, वस्ती विरळ; किल्लारीचे गावठाण दाट, गल्ल्या अरुंद. कोयनेतही बांधकामे पडली, पण जाड माळवदाखाली एकाच वेळी गावेच्या गावे झोपलेली नव्हती. दोन पहाटांतल्या फरकाचा मोठा भाग इथे आहे. जगाचा अनुभवही असाच. 2010 च्या जानेवारीत हैतीत 7.0 चा भूकंप झाला आणि लाखाहून अधिक माणसे मेली. पुढच्याच महिन्यात चिलीत 8.8 चा, म्हणजे ऊर्जेने सुमारे पाचशे पट मोठा भूकंप आला, तिथे मृतांची संख्या पाचशेच्या आसपास राहिली. 1960 च्या धड्यानंतर चिलीने बांधकामाचे नियम कडक केले होते आणि मुख्य म्हणजे ते पाळले होते.

नकाशा मागून येतो

आपल्याकडचा भूकंपविभागांचा नकाशा प्रत्येक आपत्तीनंतर बदलत आला आहे. कोयनेनंतर तो 1970 मध्ये नव्याने आखला गेला. त्यात कोयनेचा परिसर वरच्या धोक्याच्या विभागात गेला. किल्लारीनंतर, 2002 च्या आवृत्तीत, विभाग 1 रद्दच झाला. देशात पूर्ण निर्धोक असा भाग नाही, ही कबुलीच होती ती. लातूरचा पट्टा विभाग 3 मध्ये आला. त्या आवृत्तीत मुंबई आणि पुणेही त्याच विभागात होती, कोयनानगर विभाग 4 मध्ये.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. गावे नव्या जागी वसली, रुंद रस्ते आले. जी जुनी घरे राहिली त्यांच्या दुरुस्तीसाठी गवंड्यांना साध्या गोष्टी शिकवल्या गेल्या: माळवदाची माती कमी करा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. यातल्या कशालाही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. दगड-मातीच्या घरांसाठी भारतीय मानक ब्यूरोने स्वतंत्र मानकही काढले, तेही 1993 मध्येच.

यंत्रांची उणीव आता बरीच भरली आहे. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची 150 हून अधिक केंद्रे देशभर आहेत. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोली-नांदेड परिसरात 4.5 चे धक्के बसले, तेव्हा काही मिनिटांतच परिमाण आणि ठिकाण लोकांच्या मोबाइलवर होते. बातमी ‘किती रिश्टर’ एवढ्यावर सुरू होऊन तिथेच संपली. कोणत्या गावात कसली घरे आहेत आणि त्यातली किती टिकतील, हे कुणी विचारले नाही.

शहरांनी किल्लारीकडे खेड्याचे दुखणे म्हणून पाहू नये. भुजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता: वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसते खांब. पुण्या-मुंबईत, नाशकात, संभाजीनगरात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. फ्लॅट घेताना आपण टाइल्स पाहतो, पाण्याचा दाब पाहतो. त्याच वेळी बिल्डरला विचारा, की पार्किंगच्या खांबांतल्या सळया आणि कड्या भूकंपाच्या मानकाप्रमाणे बांधल्या आहेत का, आणि त्यावर सही करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण. जुन्या सोसायटीत राहत असाल, तर रंगकामाच्या आधी संरचनेची तपासणी करून घ्या. गावी जुने माळवद असेल, तर या उन्हाळ्यात त्यावर मातीचा नवा थर घालू नका; होता होईल तेवढा जुना उतरवा.